रखवालीचे दोन करार

कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसपाशी सुरू होतो आणि इंडिया गेटच्या षट्कोनी रस्त्याला जाऊन मिळतो. पूर्वी याला कर्झन रोड म्हणत. मॅक्स म्युलर भवन, ब्रिटिश कौन्सिल, अमेरिकन सेंटर याच रस्त्यावर आहेत आणि नवे महाराष्ट्र सदनही इथेच आहे. अठराव्या शतकात हा सगळा भाग शाहजहानाबादच्या तटाबाहेरचा मोकळा मुलूख होता. जवळच सवाई जयसिंगाचा जयसिंगपुरा आणि त्याने उभारलेले जंतरमंतर होते. मार्च १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांची फौज अचानक दिल्लीवर येऊन थडकली. त्या वेळची चकमक झाली ती इथून कोसभर पश्चिमेला, तालकटोरा-रकाबगंजच्या अंगाला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांनी बादशाही फौजेचा तिथे मोड केला. शहर लुटणे हातात असूनही बाजीरावांनी ते टाळले. बादशहाची अब्रू घालवली तर पुढचे राजकारणच खुंटेल, अशा अर्थाचे कारण त्यांनी धाकटे भाऊ चिमाजी आप्पांना कळवले.

त्या निर्णयातून मराठ्यांचे उत्तरेतले धोरण घडले. बादशाही मोडायची नाही, ती उभी ठेवून तिच्या नावाने कारभार करायचा. पंधरा वर्षांनी या धोरणाला कराराचे रूप मिळाले आणि मराठे रीतसर दिल्लीचे राखणदार झाले. त्यानंतर पन्नास वर्षांनी वसईत दुसरा करार झाला आणि इंग्रज पुण्याचे राखणदार झाले. वसईच्या करारावर आपण दोनशे वर्षे हळहळत आलो आहोत. १७५२ च्या कराराकडे मात्र आपण अभिमानाने पाहतो. हे दोन्ही करार शेजारी ठेवून वाचावेत असे मला फार दिवस वाटते आहे. परक्याच्या भांडणात फौज घेऊन उतरणाऱ्याच्या हातून शांतता घडते की बिघडते, हे सांगण्याचा अधिकार मराठी इतिहासाइतका थोड्यांनाच असेल, कारण आपण या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसलो आहोत.

एप्रिल १७५२. बादशहा अहमदशाह, वजीर सफदरजंग. पश्चिमेकडून अहमदशाह अब्दाली पंजाबात शिरलेला. वजिराने मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांच्याशी बोलणी करून करार केला. घरचा असो वा बाहेरचा, कोणत्याही शत्रूपासून मराठ्यांनी बादशाहीचे रक्षण करावे. मोबदल्यात पन्नास लाख रुपये, पंजाब-सिंध आणि दुआबाची चौथाई, शिवाय अजमेर आणि आग्र्याची सुभेदारी. वजीर हा करार आणि मराठी फौज घेऊन दिल्लीकडे निघाला. तो पोहोचण्याआधीच बादशहाने दरबारातल्या जावेदखानाच्या सल्ल्याने पंजाब अब्दालीला देऊन टाकला होता. ज्या संकटासाठी रखवालदार बोलावले ते संकट तूर्त मिटले. फौज मात्र दाराशी येऊन उभी राहिली आणि तिचे पैसे देणे भाग पडले.

पुढे जे झाले ते या कराराच्या पोटातच होते. १७५३ मध्ये सफदरजंग आणि तरुण इमाद-उल-मुल्क यांच्यात दिल्लीच्या रस्त्यांवर यादवी पेटली. सफदरजंगाच्या बाजूने सूरजमल जाट उतरला, तटाबाहेरची जुनी दिल्ली लुटली गेली. दिल्लीकरांच्या आठवणीत ती लूट ‘जाटगर्दी’ म्हणून राहिली. इमादने मराठ्यांना हाक दिली. वर्षापूर्वी ज्या वजिराशी करार केला त्याच्याच शत्रूच्या बाजूने मराठे आले. रघुनाथरावांच्या फौजेने १७५४ मध्ये सूरजमलच्या कुंभेरीला वेढा घातला. तिथे मल्हाररावांचा मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडला, अहिल्याबाई विधवा झाल्या. त्याच उन्हाळ्यात सिकंदराबादेजवळ मल्हाररावांनी बादशहाच्याच छावणीवर छापा घातला. बादशहा दिल्लीला पळाला, जनानखान्यातल्या बायका मराठ्यांच्या हाती सापडल्या. जूनमध्ये इमाद वजीर झाला आणि त्याने अहमदशाहाला तख्तावरून काढले. लवकरच त्याचे डोळेही गेले. ज्याच्या रक्षणाचा करार केला त्याच्या बरबादीला आपलाच हातभार लागला.

मराठे कपटी होते म्हणून असे झाले, असे मला म्हणायचे नाही. बाहेरून आलेल्या फौजेचा पगार त्या मुलखातूनच निघायचा, आणि मुलूख तर भांडणाने आधीच ओस पडलेला. चौथाई वसूल करायची तर जो देईल किंवा देतो म्हणेल त्याच्या बाजूला उभे राहावे लागे. दिल्लीतल्या प्रत्येक गटाने हे ओळखले होते. हरणाऱ्या बाजूला आपसांत समझोता करण्याचे कारणच उरले नाही. वर्षभर दम धरला की दुसरी फौज बोलावता येई. इमादला मराठे मिळाले, नजीबखान रोहिल्याने अब्दालीला बोलावले. १७५७ मध्ये अब्दालीने दिल्ली आणि मथुरा धुऊन काढली आणि परत जाताना नजीबला दिल्लीत बसवून गेला. तो गेल्यावर काही महिन्यांत रघुनाथराव आले, त्यांनी नजीबला शरण आणले. मल्हाररावांच्या रदबदलीने नजीब सुटला. एक राखणदार हटला की दुसरा येई, आणि मधल्या काळात शहर लुटले जाई.

१७५८ मध्ये मराठे लाहोरात पोहोचले. या मोहिमेचा आपल्याकडे मोठा गौरव होतो, आणि ती धडाडी खरी होती. पण पंजाब राखायचा तर तिथे कायमची फौज हवी होती, आणि ती पोसायला पैसा कुणाकडेच नव्हता. १७५९ च्या अखेरीस इमादने बादशहा दुसऱ्या आलमगिराचा खून करवला. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीच्या उत्तरेला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्या उन्हाळ्यानंतर सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसे नव्हते. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली. रखवालदारानेच दरबाराचे छत उतरवले. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आपल्याला सांगायला नको.

दहा वर्षांनी मराठे पुन्हा दिल्लीत आले ते महादजी शिंद्यांच्या नेतृत्वाखाली. शाहआलम दुसरा तेव्हा अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाला होता. १७६५ मध्ये त्याने कंपनीला बंगालची दिवाणी देऊन टाकली होती. इंग्रज दिल्लीला नेत नाहीत म्हटल्यावर त्याने मराठ्यांचा हात धरला आणि जानेवारी १७७२ मध्ये तो राजधानीत शिरला. १७८४ मध्ये पेशव्यांना वकील-ए-मुतलकी मिळाली आणि महादजी त्यांच्या वतीने बादशाहीचे सर्वाधिकारी झाले. महादजींची समज आणि चिकाटी मला थोर वाटते. तरीही १७८७ च्या लालसोटनंतर त्यांना माघार घ्यावी लागली, आणि त्या पोकळीत नजीबखानाचा नातू गुलाम कादिर लाल किल्ल्यात घुसला. ऑगस्ट १७८८ मध्ये त्याने शाहआलमचे डोळे काढले. महादजींची फौज ऑक्टोबरात पोहोचली. किल्ला परत आला, गुलाम कादिरला पकडून पुढच्या वर्षी भयंकर रीतीने मारले. बादशहाचे डोळे काही आले नाहीत. स्वतःची फौज नसलेल्या राजाला राखणदार दोन महिने उशिरा आला तरी पुरते. पुढली पंधरा वर्षे आंधळा बादशहा मराठी पहाऱ्यात जगला. गुलाम कादिरसारखे संकट पुन्हा आले नाही, आणि दरबारात स्वतःचे असे काही उरलेही नाही.

आता पुण्याकडे वळू.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील आणि इतर बारभाईंनी त्या तान्ह्या बाळाच्या नावाने कारभार हाती घेतला. उत्तरेत लाहोरपर्यंत गेलेले, नारायणरावांचे चुलते रघुनाथराव एकटे पडले आणि इंग्रजांच्या दाराशी गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या करारात मुंबईकर इंग्रजांनी फौज द्यायची आणि रघुनाथरावांनी साष्टी, वसई, शिवाय फौजेचा खर्च द्यायचा असे ठरले. हमी म्हणून सहा लाखांचे जवाहीर गहाण ठेवले गेले. दिल्लीत वजिरांनी आपल्याशी केले होते तसेच हे कलमी दान. फरक इतकाच की या वेळी विकला जाणारा मुलूख आपला होता, आणि चिमाजी आप्पांनी वसई घेताना सांडलेल्या रक्ताला चाळीस वर्षेही झाली नव्हती.

हा हस्तक्षेप मात्र फसला, आणि तो फसला म्हणूनच पुण्यात शांतता झाली. हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण वाटते. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने मुंबईचा करार अमान्य केला, कर्नल अप्टन पुरंदरला येऊन नवा तह करून गेला. मुंबईकरांनी तोही मोडला. जानेवारी १७७९ मध्ये त्यांची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले. मराठ्यांनी दाणापाणी तोडले, गावे मोकळी केली, विहिरी निकामी केल्या आणि वडगावात इंग्रज फौज कोंडली. शरणागतीचा करार करून ती सुटली. युद्ध आणखी तीन वर्षे चालले. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई इथे तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण त्यांनी रघुनाथरावांची बाजू सोडली. रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक झाली. तह दोन्ही बाजूंनी पाळला जावा याची हमी महादजींनी घेतली.

म्हणजे हमी देणारा घरातला होता आणि त्याला दोन्ही बाजूंकडून जाब विचारता येत होता. रघुनाथराव कोपरगावी गेले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. परक्या फौजेचा टेकू निघताच दहा वर्षांचे घरचे भांडण मिटले. इंग्रज-मराठे यांच्यात पुढे वीस वर्षे लढाई झाली नाही. नाना आणि महादजी एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते, तरी बोलत होते. कारण दोघांपैकी कुणालाच बाहेरून फौज आणून दुसऱ्याला गाडणे परवडणारे नव्हते.

ही पिढी झपाट्याने संपली. महादजी १७९४ मध्ये, सवाई माधवराव आणि अहिल्याबाई १७९५ मध्ये, तुकोजी होळकर १७९७ मध्ये, नाना १३ मार्च १८०० रोजी. गादीवर आले दुसरे बाजीराव, म्हणजे सुरतेच्या करारावर सही करणाऱ्या रघुनाथरावांचा मुलगा. त्यांचे बालपण नजरकैदेत गेले होते. पुण्यावर खरा ताबा दौलतराव शिंद्यांचा होता. तुकोजींच्या मुलांतल्या भांडणात दौलतरावांच्या फौजेने त्यांपैकी मल्हाररावाला मारले. एप्रिल १८०१ मध्ये त्याचा भाऊ विठोजी होळकर पुण्यात सापडला, तेव्हा पेशव्यांनी त्याला हत्तीच्या पायी दिले. विठोजीचा भाऊ यशवंतराव होळकर खवळून पुण्यावर चालून आला. वाटेत त्याची पत्रे पेशव्यांकडे येत होती. होळकरांची दौलत मोकळी करावी आणि शिंदे-होळकर तंटा धन्याने मध्ये पडून मिटवावा, अशी त्याची मागणी होती. त्याच्या फौजेने वाटेतला मुलूख जाळला हेही खरे, आणि पुण्याने नंतर त्याचे ओरबाडणे सोसले. पण मध्यस्थी मागणारा दुश्मन हाती होता. बाजीरावांनी मध्यस्थी केली नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांची फौज हरली. बाजीराव सिंहगड, रायगड, महाड असे करत कोकणच्या किनाऱ्याला आणि तिथून इंग्रजी जहाजाने वसईला गेले. यशवंतरावाने त्यांना परत यायला विनवले, मग बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांना पुण्याच्या कारभारावर बसवले. ३१ डिसेंबरला वसईचा करार झाला. निदान सहा हजार कवायती पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहील, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला जाईल, कंपनीला न विचारता पेशवे कुणाशी लढणार नाहीत की बोलणी करणार नाहीत, आणि निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांचा निवाडा कंपनी करील. पेशव्यांचा राज्यकारभार त्यांचाच राहील, असेही त्यात होते. शब्दांपुरते ते खरेही होते.

आर्थर वेलस्ली एप्रिल १८०३ मध्ये पुण्यात पोहोचला, १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसले. पुण्यात एकही लढाई झाली नाही. यशवंतराव आधीच निघून गेला होता. हस्तक्षेप करणाऱ्यांच्या हिशेबात हे मोठे यश होते: यादवी थांबली, कायदेशीर राजा परत आला, रक्त सांडले नाही. तीन महिन्यांच्या आत शिंदे आणि भोसल्यांशी युद्ध पेटले. अहमदनगर, असई, आडगाव, गाविलगड. त्या वर्षीच दक्षिणेत दुष्काळ पडला आणि फौजांनी ओस पाडलेल्या गावांतून माणसे उपाशी मेली. एकट्या पडलेल्या होळकराशी युद्ध १८०५ च्या अखेरपर्यंत चालले. लंडनमध्ये लॉर्ड कॅसलरे यालाही वसईच्या कराराची भीती वाटली होती. मराठ्यांच्या न संपणाऱ्या तंट्यांत कंपनी गुंतून पडेल, असा त्याचा आक्षेप होता. एका माणसाला गादीवर ठेवण्यासाठी अख्ख्या दौलतीशी लढावे लागले.

त्याच युद्धात ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीजवळ पटपडगंजला यमुनेकाठी जनरल लेकने शिंद्यांची, फ्रेंच अधिकारी बुर्कांच्या हाताखालची फौज मोडली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. कस्तुरबा गांधी मार्गापासून तो काही मैलांवर आहे, आणि दिल्लीतले फार थोडे मराठी लोक तिथे गेले असतील. काही दिवसांनी लेक लाल किल्ल्यात गेला. आंधळा, म्हातारा शाहआलम फाटक्या छताखाली बसला होता. १७६५ मध्ये इंग्रज, १७७२ मध्ये मराठे, १८०३ मध्ये पुन्हा इंग्रज: एका आयुष्यात त्याला तीनदा वाचवले गेले.

दिल्लीच्या तख्ताचे जे झाले होते तेच आता पुण्याच्या मसनदीचे झाले. इंग्रज पलटणीच्या जोरावर बसलेल्या बाजीरावांना सरदारांशी जुळवून घ्यायची गरज राहिली नाही. पूर्वी पटवर्धनांना दुखावले तर उद्या लढाईला फौज कोण आणणार, हा विचार प्रत्येक पेशव्याला करावा लागे. आता तो संपला. सरदारांनीही ओळखले की पेशव्यांपेक्षा रेसिडेंटकडे गेलेले बरे. १८१२ मध्ये पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पंढरपूरला दक्षिणेच्या जहागीरदारांची आणि पेशव्यांची तडजोड घडवून आणली आणि दोन्ही बाजूंना कंपनीचीच हमी दिली. सालबाईला महादजींनी केले होते ते काम आता परक्याने केले, आणि त्या परक्याला जाब विचारणारे इथे कुणी नव्हते. गायकवाडांशी हिशेबाचा वाद करारानुसार कंपनीच्या निवाड्यात आला. त्यासाठी इंग्रजांच्या अभयावर पुण्याला आलेल्या गायकवाडांच्या गंगाधरशास्त्र्यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. संशय बाजीरावांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यावर आला, एल्फिन्स्टनने तो ताब्यात मागितला. जून १८१७ च्या पुणे तहाने मराठेशाहीचे प्रमुखपणही बाजीरावांना सोडावे लागले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले.

परक्याने मध्ये पडूच नये, असा निष्कर्ष मी काढणार नाही. १९७१ मध्ये भारतीय सैन्य पूर्व पाकिस्तानात गेले नसते तर तिथली कत्तल किती लांबली असती याचा विचार करवत नाही. ते सैन्य डिसेंबरात ढाक्यात शिरले आणि मार्च १९७२ मध्ये परत आले. सत्ता गेली ती १९७० च्या निवडणुकीत लोकांनी निवडलेल्या पक्षाकडे, भारताने शोधून काढलेल्या कुणाकडे नाही. बांगलादेशात पुढे रक्तपात झाले, पण ती भांडणे त्यांनी आपसांत लढवली. श्रीलंकेत १९८७ च्या जुलैमध्ये आपण शांतिसेना पाठवली ती भारत आणि श्रीलंका सरकार यांच्यातल्या कराराचे रक्षण करायला. तमिळ बंडखोरांच्या लिट्टेने त्या करारावर सहीच केलेली नव्हती. काही महिन्यांत तीच सेना लिट्टेशी लढू लागली, हजारांवर जवान गमावून १९९० मध्ये परतली, आणि ते युद्ध आणखी एकोणीस वर्षे चालले. फौज कधी परत जाणार, खर्च कोण देणार, आणि ज्यांचे भांडण आहे त्यांना एकमेकांशी बोलणे भाग पडणार की नाही, हे प्रश्न १७५२ मध्येही विचारता आले असते.

जून १८१८ मध्ये बाजीरावांनी इंग्रज अधिकारी माल्कमपुढे हत्यार ठेवले. आठ लाख सालाना ठरवून त्यांना गंगेकाठी बिठूरला नेले. अमृतराव १८०३ मध्येच सात लाखांच्या नेमणुकीवर उत्तरेत गेले होते. बाजीराव १८५१ मध्ये वारले तेव्हा डलहौसीने त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांची नेमणूक बंद केली. जून १८५७ मध्ये कानपुरात नानासाहेबांनी स्वतःला पेशवा म्हणून जाहीर केले, आणि आपण दिल्लीच्या बहादुरशाह बादशहाचे सुभेदार आहोत असेही जाहीर केले.